आइसलँडची गाडीसफर कशी आखावी: महिना, मुक्काम, विमा आणि वारा

आइसलँडच्या नकाशावर एक नंबरचा रस्ता पाहिला की सगळं फार सोपं वाटतं. बेटाला वळसा घालणारा एकच रस्ता, लांबी तेराशे किलोमीटरहून थोडी जास्त, गावाबाहेर वेगमर्यादा ताशी ९०. भागाकार केला तर उत्तर येतं पंधरा तास. मग काय, पाच-सहा दिवस रग्गड झाले! बेत फसायला सुरुवात होते ती इथूनच. हा रिंग रोड पूर्ण व्हायला १९७४ साल उजाडलं, कारण दक्षिणेकडे हिमनद्यांनी वाहून आणलेल्या काळ्या वाळूच्या पट्ट्यात पूल टिकवणं महाकठीण होतं. त्या नद्या, ती वाळू आणि तिच्यावरून सुटणारा वारा आजही तिथेच आहेत. म्हणून इथला बेत असा आखायचा, की त्यातला कुठलाही एक दिवस वाऱ्याने खाल्ला तरी पुढचे दिवस कोसळणार नाहीत. पुढे महिना, मुक्काम, गाडी, विमा असं क्रमाने येईल, पण सगळ्याच्या मुळाशी हा एकच हिशेब आहे.

आधी महिना ठरवा, तिकीट नंतर

जून-जुलैत राजधानी रेक्याविकला सूर्य मावळतो मध्यरात्रीच्या सुमाराला आणि तीनच्या आसपास पुन्हा वर येतो. मधल्या वेळातही काळोख असा होतच नाही. गाडी चालवणाऱ्याला याहून मोठी सवलत नाही: अंधार पडायच्या आत पोचायची घाई नाही आणि दुपारभर पाऊस लागला तर रात्री नऊ वाजता धबधबा बघायला बाहेर पडता येतं. लाल चोचीचे पफिन पक्षी मेपासून साधारण ऑगस्टच्या मध्यापर्यंत कड्यांवर असतात. देशाच्या मध्यभागातले डोंगरी रस्ते जूनच्या मध्यानंतर, काही तर जुलैत, बर्फ वितळेल तसे एकेक करून उघडतात. अर्थात गर्दी आणि भाडी याच काळात सगळ्यात चढी.

माझा कौल सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्याला. दिवस अजून पुरेसा मोठा असतो, रिंग रोड बहुधा मोकळा असतो आणि रात्र पुन्हा काळी होऊ लागल्यामुळे आकाश निरभ्र असेल तर ध्रुवीय प्रकाश दिसायची शक्यता असते. जूनमध्ये तो दिसतच नाही, आकाशात उजेड असतो म्हणून. ज्यांना हिरवे-जांभळे पडदेही हवेत आणि मध्यरात्रीचा सूर्यही हवा, त्यांना दोन सफरी कराव्या लागतील.

हिवाळ्याबद्दल स्पष्टच सांगायला हवं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रेक्याविकला सूर्योदय साडेअकराच्या आसपास आणि सूर्यास्त साडेतीनला. चार तासांचा दिवस, त्यात रस्त्यावर बर्फाचा काच होऊन बसलेला थर आणि अचानक बंद होणाऱ्या खिंडी. बर्फात गाडी चालवायची सवय नसेल तर त्या दिवसांत पूर्ण रिंग रोडचा विचारही नको. रेक्याविकला मुक्काम ठोकावा, जवळचं सहलीच्या बसने बघावं आणि फार तर हवा स्वच्छ असेल त्या दिवशी दक्षिण किनाऱ्याकडे जावं. १ नोव्हेंबर ते १४ एप्रिल या काळात टायरला खिळे लावायची परवानगी असते. त्या काळात गाडी घेणार असाल तर टायर खिळ्यांचेच मिळणार ना, हे लेखी विचारून घ्या.

किती दिवसांत किती?

हाताशी आठवडाच असेल तर रिंग रोड विसरा. दक्षिण किनारा धरा आणि आलात त्याच रस्त्याने परत फिरा. "त्याच वाटेने परत" ऐकून बरेच जण नाक मुरडतात, पण या देशात हाच सगळ्यात शहाणा बेत आहे. जाताना धुक्यात हरवलेला हिमनदीचा माथा येताना लख्ख दिसू शकतो. प्रत्येक जागेला दुसरी संधी मिळते, आणि एखादा दिवस वाया गेला तर आदल्याच ठिकाणाहून मागे फिरायची मुभा राहते. गोल फिरणाऱ्याला ही मुभा नसते. अर्ध्यावर खिंड बंद झाली तर तो पलीकडेच अडकतो.

पूर्ण फेरीसाठी दहा रात्री हा किमान आकडा धरा, बारा असतील तर उत्तम. टप्पे असे पडतात: केफ्लाविक विमानतळ ते रेक्याविक ५० किलोमीटर. रेक्याविक ते वीक सुमारे १९०. वीकपासून योकुल्सारलोन हे हिमनगांचं सरोवर तेवढंच लांब, आणि तिथून हॉफ्न ८० च्या आसपास. हॉफ्न ते एगिलस्टादिर हा पूर्वेकडच्या खाड्यांचा टप्पा अडीचशेच्या घरातला, पण प्रत्येक खाडीच्या आत शिरून पुन्हा बाहेर येणारा. एगिलस्टादिर ते मिवत्न १६५, मिवत्न ते आकुरेरी ८०-९०, आणि आकुरेरीहून रेक्याविक जवळजवळ ३९०. नकाशा सांगतो त्या वेळेची दीडपट धरा, कारण दर वीस मिनिटांनी कुणीतरी "अरे, थांब थांब!" म्हणणारच. दिवसाला दोनशे किलोमीटर झाले की दिवस भरला असं समजा.

रात्री वाटून देताना एक युक्ती वापरा: दोन ठिकाणी दोन-दोन रात्री ठेवा, एक दक्षिणेला वीक ते स्काफ्ताफेलच्या पट्ट्यात आणि एक उत्तरेला मिवत्नला. वादळ आलं तर हेच दोन मुक्काम गादीसारखे धक्का झेलतात. नाही आलं तर दक्षिणेला हिमनदीवर वाटाड्यासोबत चालता येतं आणि मिवत्नहून डेटिफॉसला सावकाश जाता येतं. हा धबधबा ४४ मीटर उंच आणि सुमारे १०० मीटर रुंद आहे. पश्चिम काठाचा ८६२ नंबरचा रस्ता डांबरी आहे, पूर्व काठाचा ८६४ खडीचा. दोन्हीकडची दृश्यं वेगळी असली तरी भाड्याच्या छोट्या गाडीने पश्चिम काठच बरा.

थिंगवेट्लिर, स्ट्रोक्कुरचा उष्ण फवारा आणि गुल्फॉस धबधबा ही 'गोल्डन सर्कल' पहिल्याच दिवशी उरकायचा मोह आवरा. थिंगवेट्लिरला इ.स. ९३० मध्ये आइसलँडची लोकसभा भरायला लागली, तीही दोन भूपट्टांच्या भेगेत. ती जागा जेट-लॅगच्या झापडीत बघण्यासारखी नाही. स्ट्रोक्कुर मात्र कुणालाच निराश करत नाही, दर पाच-दहा मिनिटांनी उसळतो.

पूर्वेला एक चकवा आहे. हॉफ्नकडून एगिलस्टादिरला जाताना मोबाइलचा नकाशा बहुतेक वेळा ९३९ नंबरचा 'ओक्सी' रस्ता सुचवतो, कारण त्याने ६०-७० किलोमीटर वाचतात. तो खडीचा आहे, चढ तीव्र आहेत, कठडे जवळजवळ नाहीत, आणि धुकं असेल तर बॉनेटच्या पुढचं दिसत नाही. हिवाळ्यात तो बंदच असतो. एक नंबरच्या रस्त्यानेच जा. खाड्या बघायलाच तर आलोय.

मुक्काम रद्द करता येतील असेच घ्या

उन्हाळ्यात वीक, हॉफ्न आणि मिवत्नच्या खोल्या महिनोन्महिने आधी भरतात. त्यामुळे "जाऊ तिथे राहू" हा बाणा इथे चालत नाही. पण शेवटच्या क्षणापर्यंत रद्द करता येणारं बुकिंग थोडं महाग पडलं तरी तेच घ्या. फेरी घड्याळाच्या दिशेने करायची की उलट, याचा निर्णय निघण्याआधी आठवडाभर अंदाज बघून घेता आला तर सोन्याहून पिवळं, पण ते ऐन हंगामात फारसं जमत नाही. जमवता येतं ते एवढंच: दोन गावांतलं अंतर आणि तारखा अशा ठेवा, की एक रात्र मागेपुढे झाली तरी पुढचा मुक्काम गाठता येईल.

कॅम्परव्हॅन घेऊन वाटेल तिथे झोपायचं हे जुनं चित्र डोक्यातून काढून टाका. व्हॅनमध्ये रात्र काढायची तर अधिकृत कॅम्पसाइटवरच, असा नियम आहे. शिवाय उंच गाडीला वारा जास्त लागतो, त्याबद्दल पुढे.

गाडी कुठली?

उन्हाळ्यात रिंग रोड आणि त्याला लागून असलेली बहुतेक ठिकाणं साध्या टू-व्हील ड्राइव्हच्या (इंजिनची ताकद दोनच चाकांना देणाऱ्या) छोट्या गाडीने आरामात होतात. फोर-व्हील ड्राइव्ह, म्हणजे फोर-बाय-फोर, लागते ती दोन कारणांनी: हिवाळा, किंवा नंबराच्या आधी 'एफ' अक्षर असलेले डोंगरी रस्ते. या एफ रस्त्यांवर साधी गाडी न्यायला परवानगी नसते. नेली आणि काही झालं तर विमा उडाला असं समजा. लान्दमान्नालॉयगारसारखी रंगीत डोंगरांची जागा बघायचीच असेल, तर एका दिवसासाठी तिकडे जाणारी उंच चाकांची बस पकडणं सगळ्यात स्वस्त आणि निर्धास्त. नद्या ओलांडायच्या असतात, त्यावर पूल नसतो, आणि पाण्यात इंजिन गेलं तर त्याची भरपाई जवळजवळ कुठलाच विमा देत नाही.

गिअर ऑटोमॅटिकच घ्या. इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि स्टिअरिंग डावीकडे असतं. उजव्या हाताने गिअर शोधण्यात पहिला दिवस घालवू नका. माणसं किती यापेक्षा बॅगा किती हे मोजून गाडीचा आकार ठरवा.

विमा: इथे वेळ घालवा

भाड्याच्या वेबसाइटवर या पानावर आल्यावर लोक कंटाळून "सगळ्यात महाग ते द्या" किंवा "काहीच नको" असं काहीतरी दाबतात. दोन्ही टाळा आणि या पर्यायांमधून कुठलं नुकसान कोण भरणार ते एकदा वाचा.

मूळ भाड्यात बहुधा सीडीडब्ल्यू असतो, म्हणजे धडक झाली तर तुमची जबाबदारी एका ठरावीक रकमेपर्यंत. पण ती रक्कम चांगलीच मोठी असते. सुपर सीडीडब्ल्यू घेतला की ती खाली येते. तिसरा प्रकार खडीचा, ग्रॅव्हल प्रोटेक्शन: समोरून येणाऱ्या गाडीच्या चाकाखालून उडालेला दगड काच, दिवे किंवा रंग फोडतो, त्यासाठी. हा घ्याच. रिंग रोड डांबरी असला तरी मुक्कामाची शेतघरं आणि धबधब्यांचे वाहनतळ यांच्याकडे जाणारे फाटे अनेकदा खडीचे असतात.

चौथा वाळू आणि राखेचा. हा ऐकून हसू येतं, पण मिरदाल्ससान्दुर आणि स्केदरारसान्दुर या दोन काळ्या वाळूच्या मैदानांवर सोसाट्याचा वारा सुटला की वाळू गाडीला सॅंडपेपरसारखी घासते. एका बाजूचा सगळा रंग जातो, काचा धुरकट होतात, आणि बिल येतं ते अख्खी बाजू रंगवायचं. वसंतात, शरदात किंवा हिवाळ्यात दक्षिण किनाऱ्याला जाणार असाल तर हा घ्या. जुलैत अंदाज शांत असेल तर त्यावाचून चालेल असं माझं मत. चोरीचा विमा बऱ्याच कंपन्या फुकटच देतात. चोऱ्या फारशा होत नाहीत, म्हणूनच तर.

आता महत्त्वाचं: सगळे विमे घेतले तरी काय उरतं? वाऱ्याने उलटा फिरलेला दरवाजा. गाडीचं तळ खडकाला घासणं. नदी. चुकीचं इंधन. रस्ता सोडून चालवलेली गाडी. अनेकदा टायरसुद्धा. म्हणजे आइसलँडमध्ये जे घडण्याची शक्यता सगळ्यात जास्त, नेमकं तेच विम्याबाहेर. करारात ही यादी शोधून वाचा आणि दरवाज्याची ओळ गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला मोठ्याने वाचून दाखवा.

क्रेडिट कार्डाचा विमा असेल तर त्यात वारा आणि वाळू धरलेत का, ते विचारा. बहुतेक वेळा आधी तुम्हीच पैसे भरायचे आणि मग परतावा मागायचा असतो. आणखी एक: भाड्याखेरीज दर किलोमीटरला सरकारी शुल्कही लागू शकतं, करारात ती ओळ बघून घ्या.

कागदपत्रं

आइसलँड युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे. त्यामुळे ज्यांना व्हिसा लागतो त्यांना शेंगेन व्हिसा, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करायलाच हवा. उन्हाळ्यात अर्जाच्या तारखा मिळायलाच वेळ लागतो म्हणून लवकर. किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा सोबत लागतो.

वाहन परवान्यावर नंबर, फोटो आणि मुदत हवी, आणि मजकूर रोमन लिपीत हवा. तसा नसेल तर आंतरराष्ट्रीय परवाना लागेल, आणि तो मूळ परवान्यासोबतच दाखवायचा असतो, एकटा नाही. गाडी सहसा २० वर्षांवरच्यांना मिळते, मोठ्या फोर-बाय-फोरसाठी वयाची अट आणखी वर. अनामत रक्कम अडकवण्यासाठी मुख्य चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. त्याचा चार आकडी पिन पाठ करून या. का, ते पेट्रोल पंपावर कळेल. दोघं गाडी चालवणार असतील तर दुसऱ्याचं नाव करारात घालून घ्या.

ताबा घेताना

केफ्लाविकला बऱ्याच कंपन्यांची कार्यालयं टर्मिनलबाहेर असतात, तिथवर त्यांची छोटी बस नेते. पाऊस असो, वारा असो, गाडीभोवती मोबाइलचा व्हिडिओ काढल्याशिवाय चावी खिशात घालू नका. समोरची काच बोट फिरवून तपासा. तांदळाच्या दाण्याएवढा टवकाही नोंदवून घ्या, कारण थंडीत त्याचीच रेष होते. चाकांच्या कडा, दरवाज्यांच्या बिजागऱ्या, बंपरचा खालचा भाग. दरवाजा पूर्ण उघडून बंद करून बघा: आधीच्या कुणाचा वाऱ्याने वाकलेला असेल तर तो चौकटीत नीट बसत नाही, आणि ते बिल तुमच्या माथी यायला नको. जादा टायर आहे की फक्त हवा भरायचं किट, इंधन कुठलं, टाकीचं झाकण कसं उघडतं, एवढं विचारून घ्या.

लांब विमानप्रवासानंतर त्याच दिवशी दोनशे किलोमीटर जायचं ठरवू नका. पहिली रात्र विमानतळाच्या आसपास किंवा रेक्याविकला.

रस्त्यावर

उजव्या बाजूची सवय तासाभरात होते, पण ती सुटते सकाळी. वाहनतळातून बाहेर पडताना, रिकाम्या रस्त्यावर, समोर दुसरी गाडी नसताना हात आपोआप डावीकडे वळतो. शेजारी बसणाऱ्याने प्रत्येक वेळी निघताना "उजवीकडे" एवढंच म्हणायचं, हे काम वाटून द्या. वळायला सिग्नल द्यावा तर वायपर चालू होतो, ही गंमत पहिल्या दिवशी होणारच.

गावात ताशी ५०, खडीवर ८०, डांबरावर ९०. खडीवर ८० चालवता येतं असं नव्हे. डांबर संपायच्या आधी वेग कमी करा, नंतर नाही. सुट्या खडीवर ब्रेक दाबला की मागची चाकं बाजूला सरकतात. समोरून गाडी आली की हळू व्हा आणि उजवीकडे सरका, दोघांच्याही काचा वाचतात. दिवे दिवसरात्र चालू ठेवायचे असतात. रेक्याविकच्या दोन पट्ट्यांच्या गोल चौकांमध्ये बाहेर पडताना आतल्या पट्टीतल्या गाडीला प्राधान्य असतं, हे अनेकांना उलटं वाटतं.

'एइनब्रेद ब्रू' अशी पाटी दिसली की पुढे एकाच गाडीपुरता पूल. जो आधी पोचेल तो आधी जातो. शंका असेल तर थांबा, कुणी भांडत नाही. 'ब्लिन्दहाय्द' म्हणजे पलीकडचं न दिसणारा चढ, तिथे मधोमध चालवू नका. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मेंढ्या मोकळ्या असतात. आई रस्त्याच्या एका बाजूला आणि कोकरू दुसऱ्या बाजूला दिसलं की कोकरू आईकडे पळणार हे धरूनच ब्रेकवर पाय ठेवा.

फोटोसाठी रस्त्यात किंवा कडेला थांबणं हे इथलं सगळ्यात मोठं पाप. रस्त्याला कडेची मोकळी पट्टीच नसते, त्यामुळे अर्धी गाडी मार्गातच राहते. पुढच्या थांब्याच्या जागेपर्यंत जा आणि चालत मागे या. आणि शेवाळावर, वाळूवर, गवतावर चाक घालू नका. रस्ता सोडून गाडी चालवणं बेकायदा आहे, दंड जबर आहे, आणि शेवाळावरचा चाकाचा व्रण भरून यायला कैक वर्षं लागतात.

दरवाज्याची रीत अशी. गाडी उभी करतानाच तिचं तोंड वाऱ्याकडे करा. कुठून वाहतोय ते झेंड्यावरून किंवा गवतावरून कळतं. काच चार बोटं खाली करून हात बाहेर काढून अंदाज घ्या. मग एका हाताने आतली मूठ, दुसऱ्या हाताने दरवाज्याची कड पकडून तो वीतभर उघडा, आणि पाय बाहेर टेकल्यावरच पुढे. एका वेळी एकानेच उतरायचं. दोन्ही बाजूंचे दरवाजे एकदम उघडले तर वारा आरपार जातो आणि हातातल्या नकाशासकट सगळं समुद्राकडे निघतं. मुलांना दरवाजा उघडू देऊ नका, बाहेरून मोठ्या माणसाने उघडावा.

रोज सकाळचा हिशेब

नाश्त्याआधी तीन ठिकाणं बघायची: हवामानासाठी वेदुर डॉट आयएस, रस्त्यांसाठी उम्फेर्दिन डॉट आयएस आणि इशाऱ्यांसाठी सेफट्रॅव्हल डॉट आयएस. रस्त्यांच्या नकाशात हिरवं म्हणजे मोकळं. बंद रस्ता लाल दिसतो. हवामानाचे इशारे पिवळे, नारिंगी आणि लाल अशा चढत्या क्रमाने येतात. नारिंगी लागला की त्या भागात जायचं नाही, चर्चा नाही.

वाऱ्याचा वेग इथे मीटर प्रति सेकंदात देतात. ३.६ ने गुणलं की ताशी किलोमीटर मिळतात. २० म्हणजे ताशी ७२. सरासरी आकडा बघून फसू नका, झोतांचा आकडा बघा. माझा ठोकताळा: झोत १५ च्या वर असतील तर कॅम्परव्हॅन हलवायची नाही, २० च्या वर असतील तर छोटी गाडीही जपून, आणि २५ च्या पुढे गाडी जागची हलवायचीच नाही. डोंगराच्या कुशीतून बाहेर पडताना येणारा आडवा झोत सगळ्यात वाईट, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा.

मग अडकलेल्या दिवशी काय करायचं? जवळजवळ प्रत्येक गावात भूगर्भातल्या गरम पाण्याने तापवलेला सार्वजनिक तलाव असतो आणि पाऊस पडत असताना त्यात बसण्यासारखं सुख नाही. तलावात उतरण्याआधी कपड्यांशिवाय साबणाने अंघोळ करायचा नियम कडक आहे, संकोच बाजूला ठेवावा लागतो. बेत लिहितानाच प्रत्येक मुक्कामासमोर तिथल्या तलावाची वेळ लिहून ठेवा.

रेक्यानेस द्वीपकल्पावर २०२१ पासून ज्वालामुखी पुन्हा जागे झाले आहेत, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्रिन्दाविक गाव रिकामं करावं लागलं. विमानतळाच्या बाजूचाच हा भाग. ब्लू लगून या गरम पाण्याच्या प्रसिद्ध तळ्याकडे जाणारा रस्ता काही वेळा बंद असतो, म्हणून त्या दिवशीचं आगाऊ तिकीट काढताना रद्द करायची अट वाचा.

वीकजवळच्या रेनिसफ्यारा या काळ्या किनाऱ्यावर समुद्राकडे पाठ करून उभं राहू नका. लाटा शांत दिसत असतात आणि मध्येच एखादी कितीतरी आत येऊन माणसाला ओढून नेते. तिथे माणसं गेलेली आहेत. धोक्याचा दिवा लागला असेल तर वरूनच बघा.

कुठल्याही संकटात नंबर ११२. त्यांचं ॲप उतरवून ठेवा, बटण दाबलं की तुमची जागा त्यांना कळते.

पंप, टोल, पार्किंग, नकाशा

बरेच पंप विनामाणसाचे. कार्ड घातलं की यंत्र पिन मागतं, मग जास्तीत जास्त किती रकमेचं भरायचं ते विचारतं आणि तेवढी रक्कम कार्डावर अडकवतं. पूर्ण टाकी निवडली तर मोठी रक्कम काही दिवस अडकून राहते. म्हणून रकमेचा लहान आकडा निवडावा. कार्ड चालत नसेल तर दुकान असलेल्या पंपावरून प्रीपेड कार्ड विकत घ्या. टाकी अर्धी झाली की भरायची, विशेषतः हॉफ्नच्या आधी आणि एगिलस्टादिरहून मिवत्नकडे निघताना.

रिंग रोडवर टोल एकच, आकुरेरीजवळच्या वाद्लाहेदी बोगद्याचा. तिथे नाका नाही, कॅमेरा नंबर टिपतो आणि पैसे ऑनलाइन, चोवीस तासांच्या आत. विसरलात तर बिल गाडीमालकाकडे जातं आणि कंपनी वर स्वतःचं शुल्क लावते. हवा चांगली असेल तर डोंगरावरून जाणारा जुना रस्ता आहेच, दृश्य बोगद्यापेक्षा निश्चित बरं. पार्किंगचंही तसंच: थिंगवेट्लिर, सेल्यालांड्सफॉस, स्काफ्ताफेल अशा ठिकाणी पैसे यंत्रात किंवा ॲपवर भरायचे.

नकाशात नुसता पत्ता टाइप करू नका. २०१६ मध्ये एका अमेरिकन पर्यटकाच्या बुकिंगमध्ये रस्त्याच्या नावात एक 'आर' जास्त पडला आणि रेक्याविकमधल्या हॉटेलाऐवजी तो थेट उत्तर टोकाच्या सिग्लुफ्योर्दुरला पोचला. हॉटेलने दिलेले अक्षांश-रेखांश घाला आणि आलेलं अंतर पटतंय का बघा.

परतीचे दोन दिवस

शेवटची रात्र रेक्याविक किंवा केफ्लाविकला, आणि त्याआधीची रात्रही दोन-अडीच तासांच्या आत. आकुरेरीहून सकाळी निघून संध्याकाळचं विमान पकडणं उन्हाळ्यात जमतं, पण मधली एक खिंड बंद झाली की विमान गेलं. गाडी परत करण्याआधी धुऊन घ्या. चिखलाखाली ओरखडे आहेत का, हे तुम्हालाच आधी दिसलं पाहिजे. टाकी विमानतळाजवळच्या पंपावर भरा, पावती ठेवा, ताबा घेताना काढला तसाच व्हिडिओ पुन्हा काढा. कार्यालय बंद असताना चावी पेटीत टाकणार असाल तर हा व्हिडिओ आणखीच मोलाचा. अनामत कार्डावरून सुटेपर्यंत दोन्ही व्हिडिओ आणि पार्किंगच्या पावत्या पुसू नका, कारण दंडाची रक्कम कार्डावर कधीकधी घरी पोचल्यावर काही आठवड्यांनी लागते.